शपथ ज्याची, पहिली फेरी त्याची

कराडच्या हौसाबाई डुबलांनी खानावळीचे डबे पोचवायला मोबाइलवर जुनी चारचाकी गाडी पसंत केली आणि फोटोला भुलून विसारही पाठवला. दुकानी जाऊन ब्रेक दाबला, तर पाय थेट तळाला टेकला. त्यांनी विसार परत मागितला, पण दुकानदार प्रीतमशेठ खुर्चीतून हलला नाही.

“मावशी, विसार परत मिळत नसतो. जुन्या गाडीचा ब्रेक असाच असतो. तिच्यात खोट नाही, आईची शपथ!”

त्याची आई शेजारीच चहा पीत होती. चार गिऱ्हाइकं कान देऊन ऐकत होती.

“मग घेतली गाडी,” हौसाबाई म्हणाल्या. “पण आमची रीत पाळा. शपथ ज्याची, पहिली फेरी त्याची. आईंना पुढं बसवा आणि कुंभार्ली घाट उतरून दाखवा. खाली पोचलात की उरलेले पैसे रोख देते.”

शेठचा चेहरा पडला. “आईला गाडी लागते, मावशी.”

“मला कधी लागली रे?” म्हातारी कडाडली. “आणि ब्रेक नसलेल्या गाडीत मला बसवतोस व्हय? कालच म्हणालास ना, हिच्यात बसू नकोस म्हणून!”

गिऱ्हाइकं हसत उठली आणि चालू लागली. शेठनं मोबाइल काढून विसार परत पाठवला.

हौसाबाई समाधानानं म्हातारीच्या पाया पडल्या. “आई, एकदा जेवायला या. पण रिक्षानं या हो!”