बारवेची शेवटची पायरी

“मग माझं चुकतं तरी कुठं, बाबा?”

भास्कर पहाटेच शहरातून निघून गावच्या मठात केशवगिरी बाबांकडे आला होता. त्याचा मुलगा निनाद, ऐन सोळाव्यात, महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हता. खोलीचं दार लावून बसायचा.

भास्करनं काय करायचं ठेवलं होतं? पुस्तकं वाचली, आवाज कधी चढवला नाही, शब्दन् शब्द तोलून बोलला. निनादनं एकदा विचारलं होतं, बाबा, तुम्हाला कधी भीती वाटते का? त्यावर भास्करनं भीती घालवण्याचे उपाय सांगितले होते, अगदी मुद्देसूद. तेव्हापासून पोरगा गप्प झाला होता.

बाबांनी सगळं ऐकलं. मग उठून ते मठामागच्या बारवेकडे निघाले, भास्कर मागोमाग.

बारव दिसली आणि भास्करला लहानपण आठवलं. पाठीला सुके भोपळे बांधून तो इथंच पोहायला शिकला होता. उन्हाळाभर पोरं पाण्यात, आणि बाबा शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसलेले. काय दिवस होते ते. पुन्हा मिळायचे नाहीत.

बाबा सावकाश उतरले आणि त्याच पायरीवर बसले. भास्कर वरच उभा राहिला, पायात बूट होते.

“तुला पवायला कुणी शिकवलं रे?”

“तुम्हीच की.”

“मला पाण्यात कधी बघितलंस?”

भास्कर आठवू लागला. हातपाय मारणं तर थोरल्या पोरांचं बघून उचललं होतं. बाबा नुसतेच...

“मला पवता येत न्हाई,” बाबा म्हणाले.

भास्करला आधी हसू आलं, मग चक्क राग आला.

“आणि मी बुडालो असतो तर?”

“उडी टाकली असती.”

“येत नसताना?”

“तर काय. दोघंबी बुडालो असतो.”

भास्कर पाण्याकडे बघत राहिला. तेव्हा शिकताना नाकातोंडात पाणी जायचं, जीव घाबराघुबरा व्हायचा, आणि वर आलं की नजर आधी ही पायरी शोधायची. तिथं ते दोन काळे पाय दिसले की पुन्हा बुडी मारायला धीर यायचा.

त्यानं बूट काढले. खाली येऊन बाबांशेजारी बसला, पाण्यात पाय सोडले.

“निनादनं भीतीचं विचारलं होतं. घरी जाऊन त्याला काय सांगू, बाबा?”

बाबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“सांग, मला पवता येत न्हाई.”