राणीचा निर्मळ पाचू

फार जुन्या काळची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. पण सांगायला बसलो की मला आजही तितकाच वैताग येतो, आणि ऐकून तुम्हालाही येईल.

त्या राज्याच्या राणीकडे तिच्या सासूनं दिलेला एक पाचू होता. रंग भाताच्या कोवळ्या रोपासारखा, आणि पोटात शेवाळासारखे बारीक तंतू. राणीला ते तंतू मुळीच आवडत नसत. आरशासमोर बसली की ती नाक मुरडायची. "शी! यात नुसता कचरा आहे."

दरबारातला म्हातारा रत्नपारखी तिला कानीकपाळी ओरडून सांगे, "राणीसाहेब, तो कचरा नव्हे, ती जन्मखूण आहे. पाचू जमिनीच्या पोटात वाढतो, त्याच्या आत असं काहीतरी असायचंच. रंग बघा, उजेड कसा खेळतो ते बघा. भीती असते ती वरपर्यंत आलेल्या भेगेची. अशा भेगेत लबाड लोक तेल मुरवतात. तेल मुरलं की भेग दिसत नाही, आणि खडा अगदी निर्मळ वाटतो."

"बरं, बरं," राणी म्हणे आणि दुसऱ्याच गोष्टीकडे वळे. हे असं किती वर्षं चाललं होतं म्हणता? राणी लग्न होऊन आली तेव्हापासून!

एकदा एक परदेशी व्यापारी आला. त्याच्याजवळ आवळ्याएवढा पाचू होता. आत तंतू नाही, ठिपका नाही, काही नाही. राणीचे डोळे तिथंच खिळले.

व्यापारी म्हणाला, "मोहरा नकोत मला. तुमचा तो कचरा असलेला जुना खडा द्या, म्हणजे झालं."

पारखी जागचा उठलाच. "अहो राणीसाहेब, कचरा असेल तर हा तो कशाला मागतोय, एवढं तरी विचारा! निदान गरम पाण्यात धुऊन तरी बघा!"

"दारी आलेल्या पाहुण्याची परीक्षा घ्यायची?" राणी म्हणाली. "कसं दिसेल ते?"

खड्याच्या बदल्यात खडा गेला. पारखीनं कपाळाला हात लावला.

पुढे सणाचे दिवस आले. राजवाड्यातले दागिने धुण्याचं काम हौसाबाईकडे होतं. ती विधवा होती. घरात म्हातारी सासू आणि दोन मुली, आणि राहायची खोलीही वाड्यानंच दिलेली. काम गेलं की खोलीही जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती दागिना जिवापाड जपून धुवायची. रिठ्याचं गरम पाणी, मऊ कुंचला, मग कोरडं फडकं.

तिनं नवा पाचू धुतला, पुसला आणि उजेडात धरला. खड्याला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भेगा होत्या. तिला तो गुपचूप डबीत ठेवता आला असता. पण ती स्वतः तो घेऊन राणीकडे गेली.

"फोडलास तू माझा पाचू!" राणी किंचाळली.

"न्हाई वो राणीसाहेब," हौसाबाई म्हणाली. "माज्या टाचा बगा. तेल लावलं की भेगा दिसत न्हाईत, अन् गरम पान्यात पाय धुतलं की जशाच्या तशा. भेगा काय पान्यानं पडत्यात व्हय? त्या पयल्यापास्नं हायेत."

पारखीला बोलावणं गेलं. त्यानं खडा जरा कोमट केला, तेलात बुडवून ठेवला आणि तासाभरानं पुसून दाखवला. भेगा गेल्या. गरम पाण्यात धुतला. भेगा आल्या. पुन्हा तेल, पुन्हा पाणी. मग तो हौसाबाईकडे बघून म्हणाला, "इतकी वर्षं घसा कोरडा केला मी. ही बाई तेच एका टाचेवर सांगून मोकळी झाली."

राणीला कळलं. अहो, ती काही मूर्ख नव्हती. मूर्ख असती तर मला इतका राग आलाच नसता.

"पण उद्या महाराज विचारतील," ती पुटपुटली. "भर दरबारात काय सांगू? सासूबाईंचा खडा देऊन फुटका घेतला म्हणून सांगू?"

"दोनच शब्द आहेत," पारखी म्हणाला. "'मी फसले.' तेवढं म्हणा. या बाईचं घर वाचेल."

दुसऱ्या दिवशी दरबारात राजानं पाचूला काय झालं ते विचारलं. राणीनं जमिनीकडे बघत उत्तर दिलं, "धुणाऱ्या बाईच्या हातून फुटला."

पारखी सारं खरं बोलला. राजानं भुवया चढवल्या. "म्हणजे राणी खोटं बोलते, असं म्हणायचंय तुम्हाला?" आणि त्यानं हौसाबाईला वाड्यातून काढायचा हुकूम दिला.

संध्याकाळी हौसाबाई सासूचा हात धरून वेशीबाहेर पडली. मुलींच्या डोक्यावर गाठोडी होती. पारखीनं रत्नं तोलायचा आपला काटा दरबारात ठेवला आणि तोही त्यांच्यामागून चालू लागला.

त्यानंतर राजवाड्यात हुकूम निघाला, की रत्नं पाण्यात घालायची नाहीत. व्यापाऱ्याला हे कळायला कितीसा वेळ लागतो? तो परत आला, सोबत आणखी चारजणांना घेऊन आला. तीन वर्षांत जुने खडे त्यांच्याकडे गेले आणि खजिना निर्मळ खड्यांनी भरला. सगळे खूश होते. कुणी विचारणारंच उरलं नव्हतं!

चौथ्या वर्षी पाऊस पडला नाही. कोठारं रिकामी झाली. राजानं रत्नांची पेटी आणि शंभर गाड्या शेजारच्या राज्यात पाठवल्या. पेटी ठेवून घ्या आणि धान्य द्या, असा निरोप दिला.

गाड्या रिकाम्याच परत आल्या. पेटीसोबत त्या राजाचा निरोप होता, "आम्ही घेण्याआधी रत्नं धुतो. ही तुमची तुम्हाला परत."

वाड्यापुढे लोक पोती घेऊन उभे होते. राजानं पेटी उघडली. एकही खडा धड नव्हता. तेव्हा कुठे राणी पुढे आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "मी फसले होते. पहिल्याच खड्याला फसले होते. त्या बाईचा काही दोष नव्हता."

त्या दिवशी दरबारात एवढंच बोलली असती तर एक घर वाचलं असतं, आणि पारखीही राहिला असता. आता ते ऐकून पसाभर दाणेही मिळणार नव्हते. लोकांनी रिकामी पोती खांद्यावर टाकली आणि ते घरी गेले.

यातून घ्यायचं ते इतकंच: आपली चूक झाकायला खरं सांगणाऱ्याला घालवलं, की पुढची चूक दाखवायला कुणी उरत नाही.