लवू शिपायाने पाण्याची योजना आणली

खाडीच्या तोंडावर खारशेत नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीत एक भोळा शिपाई होता. नाव लवू. वय चाळीस, मिशा भरघोस, मन साफ. सांगितलेलं काम त्याने कधी टाळलं नाही. गावाला त्याचाच तर त्रास होता.

खारशेतला पाण्याची कमतरता नव्हती. पुढे समुद्र, बाजूला खाडी, मधोमध विहीर. पण तिन्हीकडचं पाणी खारट. बायका डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून हंडे आणायच्या. लवूची बायको सुनंदा दिवसाला तीन खेपा करायची. चुंबळ ठेवून ठेवून तिच्या टाळूवरचे केस गेले होते. लवूला ते दिसायचं, आणि वाईट वाटायचं.

एके दिवशी सरपंच हौसाबाई तांडेल पंचायतीत आल्या त्या हसतच.

"लवू, सरकारने योजना काढलीय. खाऱ्या पाण्याचं गोड पाणी करायचं. धुण्याभांड्याचं पाणी गाळून झाडांना द्यायचं. त्याचा आराखडा करायला सरकार पैसे देणार. आधी आराखडा, मग यंत्र. पण आपलं पाणी खारट आहे हे दाखवावं लागेल."

"दाखवू की," लवू म्हणाला. "आहेच खारट."

बाईंनी तांब्याभर विहिरीचं पाणी त्याच्या हातात दिलं. "हे तालुक्याला तपासायला दे. आणि हे बघ, थेंबही सांडू देऊ नकोस."

लवू एसटीत बसला. रस्ता खड्ड्यांचा. पहिल्या खड्ड्याला पाणी काठापर्यंत आलं. दुसऱ्या खड्ड्याला काठावर आलं. तिसरा खड्डा समोर दिसताच लवूने डोळे मिटले आणि अख्खा तांब्या पिऊन टाकला. तालुक्याच्या कचेरीत कारकुनाने विचारलं, "नमुना कुठाय?"

लवूने पोटावर हात ठेवला. "इथं आहे. थेंब सांडला नाही."

लवू गावात परतला तेव्हा हौसाबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, असं असतं का? बाटलीत घालायचं, बूच घट्ट मारायचं, वर लाख ओतून सील करायचं!"

"चुकलं बाई. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी नमुना बाईंनी स्वतःच पोचवला. मग गावाचा अर्ज तयार झाला. चार पानी, खाली सगळ्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. बाईंनी तो लवूला दिला. "जपून ने."

लवूने अर्जाची गुंडाळी केली. बाटलीत कोंबली. बूच मारलं, वर लाख ओतली. तालुक्याच्या कारकुनाने बाटली उलटी केली, हलवली, चिमट्याने ओढून बघितलं. शेवटी फोडली. अर्ज निघाला, पण अर्धाच. अंगठे सगळे काचेबरोबर गेले.

बाई म्हणाल्या, "देवा रे! लवू, अशी वस्तू सपाट फाइलीत ठेवायची, वर लाल फीत बांधायची, आणि आवक-शिक्का मारून घ्यायचा."

"चुकलं बाई. पुढच्या खेपेला तसंच करतो."

नवा अर्ज घेऊन बाईच गेल्या. अर्ज पसंत पडला. गाव बघायला आवटे मॅडम येणार असं कळलं. मॅडम इंजिनिअर होत्या. त्यांच्यासाठी आदल्या दिवशी जेवणाची रंगीत तालीम करायची म्हणून बाईंनी लवूला बंदरावर पिटाळलं. "चांगलं मोठं पापलेट आण."

लवूने मोठं पापलेट घेतलं. आधीच चपटं, त्यामुळे त्याला बरं वाटलं. तरी फाइलीत ते पुरतं सपाट बसेना. मग लवू फाइलीवर बसला. लाल फीत बांधली. पंचायतीत येऊन आवक-शिक्का मारला, तोही पापलेटाच्या पोटावर, ठळक. हे सगळं भर उन्हात. फाइल बाईंच्या टेबलावर आली तेव्हा टेबलाजवळ बाईही थांबेनात.

"आवक क्रमांक बत्तीस," लवू म्हणाला.

"अरे माणसा!" बाई पदर नाकाला लावून ओरडल्या. "उन्हाची आणायची चीज असली की बर्फावर ठेवायची, वर ओलं गोणपाट टाकायचं, आणि धावतपळत आणायची. नाहीतर नासते!"

"चुकलं बाई. पुढच्या खेपेला तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी मॅडम भर दुपारी बारा वाजता एसटीतून उतरल्या. मे महिना. ऊन असं की कावळेसुद्धा गप्प. बाईंनी लवूला आधीच बजावलं होतं, "मॅडम उन्हाच्या येणार. त्यांना नीट घेऊन ये."

उन्हाच्या, हे लवूने बरोबर ऐकलं होतं. त्याने मासळीची हातगाडी मागून आणली होती. गाडीवर बर्फ पसरलेला.

"बसा मॅडम," लवू म्हणाला.

मॅडमना वाटलं बसायची गाडी आहे, बर्फाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या टेकल्या आणि किंचाळल्या. तेवढ्यात लवूने वरून ओलं गोणपाट टाकलं आणि गाडी हाणली.

"अहो, थांबवा! काय करताय?"

"पडून राहा मॅडम," लवू धापा टाकत म्हणाला. "नासाल नाहीतर."

पंचायतीसमोर गोणपाट उचललं तेव्हा मॅडमचे दात वाजत होते आणि केसात दोन कोळंब्या होत्या. हौसाबाई पाया पडायलाच निघाल्या. पण मॅडम मनाने मोठ्या. आधी शिंकल्या, मग हसल्या. "राहू द्या. मे महिन्यात मला थंडी वाजली, हे आमच्या कचेरीत कुणाला खरं वाटणार नाही." त्यांनी विहीर बघितली, खाडी बघितली, झऱ्याची वाट बघितली. सुनंदाच्या टाळूकडे बघून त्यांनी वहीत दोन ओळी जास्त लिहिल्या. जाताना म्हणाल्या, "माझ्याकडून काम झालं. आता आमचे मोठे साहेब येतील. ते कागदावर विश्वास ठेवत नाहीत. स्वतः पाणी चाखतात आणि तिथल्या तिथे सही करतात. तेवढी सही झाली की आराखड्याचे पैसे तुमचे."

मॅडम गेल्यावर बाईंनी लवूला समोर बसवलं. या वेळी त्या रागावल्याही नाहीत. हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "लवू, पाहुणा आला की त्याला बर्फात घालायचं नाही. हात जोडायचे. या बसा म्हणायचं. आणि पाण्याबरोबर गूळ द्यायचा. आपल्या गावात आलेल्या माणसाचं तोंड आधी गोड झालं पाहिजे. कळलं?"

"कळलं बाई," लवू म्हणाला. आणि त्याला खरंच कळलं होतं.

साहेब येणार त्या सकाळी लवू लवकर उठला. त्याने विचार केला. साहेब पाणी पिणार ते विहिरीचं. बरोबर चारपाच माणसं असणार. कोण आधी पिईल, कोण मागून, काय सांगावं? एखाद्याचा गूळ राहून गेला तर? सुनंदाच्या भावाने कोल्हापूरहून वर्षाचा गूळ पाठवला होता, चार ढेपी. लवूने त्या खांद्यावरून नेल्या आणि एकेक करून विहिरीत सोडल्या. विहिरीत कंबरभरच पाणी होतं. मग आत उतरून त्याने लांब काठीने तासभर ढवळलं. वर आला, मिशा पुसल्या आणि हात जोडून उभा राहिला.

साहेब आले. गाव जमलं. लवू म्हणाला, "या बसा." हौसाबाईंनी समाधानाने मान डोलावली.

पोहरा वर आला. साहेबांनी पाणी पेल्यात घेतलं. "रंग जरा तांबूस दिसतो."

"आमची माती लाल, साहेब," बाई घाईने म्हणाल्या. "चाखा तुम्ही. तोंड वाकडं होईल."

साहेबांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं नाही. त्यांनी दुसरा घोट घेतला. मग पेला संपवला आणि पुढे केला. तो भरला, तोही संपवला.

"बाई," साहेब म्हणाले, "पंचवीस वर्षं मी पाणी चाखतोय. असं पाणी जिल्ह्यात नाही. किंचित मीठ आहे, पण त्यानेच तर चव आलीय!"

हौसाबाईंनी पोहऱ्यात बोट बुडवून चाखून बघेपर्यंत साहेबांनी कागद मांडीवर घेतला, लिहिलं, खाली झोकात सही केली आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "खारशेतचे पाणी अति गोड. पाणी गोड करण्याच्या यंत्राची येथे गरज नाही. या विहिरीचे पाणी नळाने शेजारच्या सात गावांना द्यावे. त्याचा आराखडा करण्यास पैसे मंजूर."

साहेबांची गाडी धुरळा उडवत गेली. बाया हंडे घेऊन तशाच उभ्या. हौसाबाईंनी मंजुरीचा कागद हातात धरला आणि सावकाश लवूकडे मान वळवली.

लवू जवळ आला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता, पण मध्येच त्याला काळजी वाटली. तो बाईंच्या कानाशी वाकला.

"बाई, सात गावांना पुरवायचं म्हणजे रोज ट्रकभर गूळ लागेल. तेवढा आराखड्यात घाला."