धुक्यातली प्रार्थना

फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी आणि ज्यांच्यावर लहानांना सांभाळायची जबाबदारी आहे, त्या थोरांनी तर जरूर ऐकावी.

एका डोंगराच्या कुशीत ख्रिस्ती लोकांचं छोटंसं गाव होतं. गावच्या देवळातले पाळक म्हातारे झाले, तेव्हा त्यांनी गावातली तरुण मुलं बर्णबा नावाच्या एका भल्या माणसाच्या हाती सोपवली. बर्णबाने ते काम जीव ओतून केलं. तो मुलांना गाणी शिकवी, शास्त्रातल्या गोष्टी सांगे, त्यांची भांडणं सोडवी. कुणी काही विचारलं की उत्तर त्याच्या जिभेवर तयार असे. "मला ठाऊक नाही," हे शब्द मुलांनी त्याच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते.

खरं तर उत्तरं त्यालाही सगळी ठाऊक नसत. पण त्याला वाटे, मीच अडखळलो तर ही पोरं कुणाच्या भरवशावर उभी राहतील? म्हणून तो हसतमुखाने सगळं निभावून नेई, आणि घरी आला की थकून भिंतीला टेकून बसे.

एकदा डोंगरापलीकडच्या गावात तापाची साथ आली. घरोघरी माणसं अंथरुणाला खिळली. पेज करून घालायला कुणी उरलं नाही, की पाणी भरायला. पाळकांनी बर्णबाला बोलावून म्हटलं, "पोरांना घेऊन जा. त्या लोकांना हात द्या."

बर्णबाने झटून तयारी केली. तांदळाची गाठोडी बांधली, काढ्याची मुळं घेतली, घाटाची वाट जाणत्यांकडून नीट विचारून घेतली. निघताना पाळकांनी सगळं पाहिलं आणि ते हळूच म्हणाले, "तयारी झकास आहे रे. पण यात देवाला काही काम ठेवलंयस का?"

बर्णबा हसला. त्याला ती म्हाताऱ्याची थट्टा वाटली.

दुपार कलली तेव्हा ते घाटमाथ्यावर पोचले, आणि पाहता पाहता धुकं उतरलं. पुढचा माणूस मागच्याला दिसेना. पायवाट गवतात विरून गेली.

"दादा, वाट हीच ना?" सगळ्यांत लहान हन्नाने विचारलं.

बर्णबालाही वाट दिसत नव्हती. पण तोंडातून सवयीचेच शब्द निघाले. "हीच. या माझ्यामागून."

ते थोडं चालले असतील, तोच हन्नाचा पाय निसटला. बर्णबाने झडप घालून तिचा दंड पकडला. तिच्या डोक्यावरचं गाठोडं मात्र गेलं, आणि ते खाली आदळल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. ते कड्याच्या काठावर उभे होते.

बर्णबाने हन्नाला मागे ओढलं आणि तो तिथेच खाली बसला. आता खोटं बोलायची त्याची हिंमत होईना.

"मला वाट ठाऊक नाही," तो म्हणाला. "मघाशीही ठाऊक नव्हती."

पोरांमध्ये इसहाक वयाने मोठा होता. तो भडकला. "मग आम्हाला पुढे नेत कशाला होतास? ही मेली असती!"

शरमेने बर्णबाची मान खाली गेली. आता ही पोरं माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाहीत, असं त्याला वाटलं. तो ओल्या गवतात गुडघ्यांवर आला. एरवी त्याच्या प्रार्थना लांब आणि सुरेख असत. आज त्याला शब्दच सुचेनात.

"प्रभू, मी चुकलो," तो म्हणाला. "ही लेकरं तुझी आहेत. माझ्याने नाही होत. तूच आम्हाला ने."

मग हन्नाने त्याच्या शेजारी गुडघे टेकले. चारचौघांत तिने कधी प्रार्थना केली नव्हती, पण आता रडत रडत ती बोलू लागली. मग दुसरं कुणी, मग तिसरं. शेवटी इसहाकही खाली बसला.

धुकं काही हटलं नाही. थंडी वाढली. पण कुणी तिथून उठलं नाही. एकमेकांचे हात धरून त्यांनी देवळातली गाणी म्हणायला सुरुवात केली.

किती गाणी झाली कोण जाणे. एकाएकी दुरून हाक आली, "कोण हाय रं तिकडं?"

पलीकडच्या गावची एक म्हातारी शेळ्या घेऊन माघारी निघाली होती. "गात राहा, लेकरांनो!" ती ओरडली. "आवाजाच्या रोखानं येते मी!"

ती काठी टेकत आली. ते कुठे बसलेत हे पाहून तिने कपाळाला हात लावला. "अरे देवा! जागच्या जागी बसलात म्हणून वाचलात. साथ आल्यापासून आमच्याकडं कुणी फिरकलं नाही. माझी लेक तापानं फणफणलीय. चला, माझ्यामागनं या."

शेळ्यांच्या मागोमाग ते सुखरूप गावात उतरले. साथ ओसरेपर्यंत त्यांनी तिथे चुली पेटवल्या, पाणी भरलं, आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना केल्या. म्हातारीची लेक उठून बसली. काहींना मात्र मूठमाती द्यावी लागली. तेव्हा असं का झालं, याची बर्णबाने देवाच्या वतीने उत्तरं दिली नाहीत. तो रडणाऱ्यांबरोबर रडला आणि देवाला हाक मारत राहिला. पोरंही तेच शिकली.

परतीच्या वाटेवर इसहाक त्याच्या शेजारून चालू लागला. "दादा, एक सांगू? इतकी वर्षं तुझ्या प्रार्थना ऐकल्या. छान वाटायच्या. पण तू त्या कड्यावर गुडघे टेकलेस ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की तू ज्याच्याशी बोलतोस तो खरंच ऐकत असेल."

बर्णबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

म्हणून लक्षात ठेवा: जो पुढारी आपल्या बळावर न विसंबता देवाचा हात धरतो, त्याच्यामागून चालणाऱ्यांनाही तो हात सापडतो.