उघड्या दाराचं कुलूप

चिपळूणच्या यमुताई खांबेटे यांची गाडी अठरा वर्षांची. हल्ली बटण दाबलं तरी ड्रायव्हरच्या दाराचं लॉक लागेना. सर्व्हिस सेंटरच्या चार खेपा झाल्या, फ्यूज बदलला, मोटर बदलली, तरी घरी आलं की रडगाणं तेच!

पाचव्या खेपेला यमुताईंचं डोकं फिरलं होतं. मुख्य इंजिनियर घैसास मात्र नेहमीच्याच थाटात आले. लॅपटॉपची वायर आत सोडायची म्हणून त्यांनी दार सताड उघडं ठेवलं आणि बटण दाबलं. खट्! लॉक लागलं.

"बघा बाई, बिघाड नाहीच. तुम्हालाच वापरता येत नाही."

"अहो, एकदा दार बंद करून बघा की!"

"आमच्याकडे तपासणी अशीच होते."

"बरं," यमुताई पर्स उचलत म्हणाल्या, "मग आज सेंटर बंद करताना शटर वरच राहू द्या, आणि कुलूप तेवढं नीट लावून घरी जा."

मेकॅनिक फिसकन हसले. घैसासांनी वायर उपटली, दार लावलं, बटण दाबलं. आवाजच नाही! बिजागरीजवळच्या रबरी नळीत तार तुटली होती. दार लावलं की तिची टोकं एकमेकांपासून सुटत होती.

तार जोडून झाली, तशा यमुताई गाडीत बसल्या.

"आता ओढा हो शटर खाली."