सुंठवडा आधी बाळंतिणीला

ऐका रामराया, तुमची कहाणी. बायांनो, हातात अक्षता घ्या, पोरं मांडीवर घ्या आणि कुजबुज बंद करा.

आटपाट नगर होतं, नगरात रामाचं देऊळ होतं. चैत्रातल्या नवमीला भर दुपारी नारळाला कुंची घालायचे, पाळण्यात निजवायचे, रामजन्म करायचे. पाळण्याची दोरी ओढायचा मान मनकर्णाबाईचा. मान एवढासा, तोरा एवढा! शेजारीण अंबू त्या दोरीवर डोळा ठेवून होती.

एके वर्षी काय झालं? अष्टमीला पहाटे मनकर्णाबाईची सून बाळंत झाली, मुलगा झाला. नातवाला बघून हसावं, तर हिनं कपाळाला हात लावला. "मेले गं बाई! घरात सोयर आलं. दहा दिवस देवाला शिवता यायचं नाही. दोरी जाणार त्या अंबीच्या हातात!"

मग तिनं काय केलं? सुनेला कोठीत लपवलं. गावात सांगितलं, सून माहेरी गेली. बाळंतशेपांची धुरी दिली नाही, वास सुटेल. साजूक तुपाचा शिरा केला नाही, वास सुटेल. शिळी भाकरी पुढं टाकली, वर बजावलं, "उद्या दुपारपर्यंत कळ काढ."

सुनेच्या अंगात त्राण नाही, अंगावर दूध उतरेना. बाळ भुकेनं रडू लागलं. अंबूनं कुंपणावरून विचारलं, "कोण हो रडतंय?"

"मांजरी व्यालीय."

मग पुन्हा रडलं. "आता कोण?"

"तीच मांजरी."

मग तिसऱ्यांदा रडलं. "आणि आता?"

"मीच रडतेय! तुझं काही म्हणणं आहे?"

नवमीची दुपार झाली. गुलाल उधळला. मनकर्णाबाईनं दोरी ओढली, तसा पाळण्यातला नारळ ट्यांहां ट्यांहां रडू लागला. बायकांनी मोठ्यानं पाळणा म्हटला, नारळ त्याहून मोठ्यानं रडला. गुरुजींनी खुळखुळा वाजवला, तरी रडला. मग मनकर्णाबाईनं त्याच्या तोंडाला सुंठवडा लावला. तो त्यानं थू करून गुरुजींच्या सोवळ्यावर उडवला.

अंबू म्हणाली, "काय हो, देवळातही मांजरी व्यालीय का?"

मनकर्णाबाईनं पाळण्यात डोकं घातलं. "गप रे राजा, चारचौघांत शोभा होतेय."

नारळ म्हणाला, "आधी आईला जेवायला घाल."

"कौसल्यामाईला नैवेद्य दाखवलाय की."

"कौसल्या जेवली गं! कोठीतली उपाशी आहे. तिचं बाळ तिथं रडतंय, म्हणून मी इथं रडतोय. सुंठवडा बाळंतिणीचा. सारा गाव खातो, आणि तिलाच नाही?"

मनकर्णाबाईला रडू कोसळलं. दोरी सोडली, सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या घरी सोयर आहे. मानापायी मी लपवलं. देवाला विटाळ केला."

बायका मागं सरल्या. अंबूनं झटकन दोरी धरली. तसा नारळ खदखदून हसला. "अगं, आज मी जन्मलो. सोयर तर माझ्याच घरी! त्याचा तुम्ही उत्सव करता. मग हिच्या घरचा तेवढा विटाळ का?"

अंबूनं मान खाली घातली. मनकर्णाबाई सुंठवड्याचं ताट उचलून गुलालासकट धावत सुटली. कोठी उघडली, चूल पेटवली, धुरी दिली. शिरा केला, आपल्या हातानं भरवला. सून म्हणाली, "सासूबाई, तुमचा मान?"

"मान घाल चुलीत. तू खा, माझे बाई."

सुनेला पान्हा फुटला. बाळ पोटभर प्यालं, निजलं. इकडे देवळात नारळही निजला. अंबू दोरी धरून हळूच म्हणाली, "शू! निजला."

तेव्हापासून वसा पडला. सुंठवड्याची पहिली वाटी बाळंतिणीला, मग देवाला. आणि दोरी जिच्या घरी सोयर, तिच्या हातात.

पुढल्या वर्षी नवमीच्या तोंडावर अंबूची सून बाळंत झाली. अंबूनं काय केलं? छपरावर चढून थाळी बडवली. "ऐका हो ऐका, आमच्याकडे सोयर आलं!"

मनकर्णाबाई खालून ओरडली, "कळलं गं, मांजरी व्यालीय!" आणि सुंठवड्याची वाटी घेऊन तिच्या आधी बाळंतिणीच्या खोलीत शिरली.

राम मनकर्णाबाईवर रागावला, मग तिला पावला. तुम्हांआम्हांला न रागावता पावो. साठां उत्तरांची ही कहाणी पाचां उत्तरी सांगितली, सुफळ संपूर्ण झाली. आता वाटीला हात लावण्याआधी सांगा बरं, कुणाच्या घरी बाळंतीण आहे?