येसाक्काचा पिवळा धागा

फार वर्षांपूर्वी, भोकरपेठेत माणसांपेक्षा गुरं जास्त होती आणि दोघांत शहाणं कोण ते अजून ठरायचं होतं, तेव्हाची ही गोष्ट.

गुरांच्या बाजाराला लागून एक गल्ली होती. गल्लीच्या मधोमध मोठा कडुलिंब. लिंबाच्या ह्या अंगाला येसाक्काचा ओटा, त्या अंगाला दादूमियाँचा. येसाक्का गुरांची वैदीण, बापाकडून शिकलेली. मियाँ सालोत्री, म्हणजे मूळचे घोड्यांचे वैद्य. पण घोडेवाले गेले, घोडे गेले, आणि मियाँ बैलांकडं वळले. तिथंच ठिणगी पडली.

येसाक्का गुराच्या पोटाला कान लावायची आणि दुखणं सांगायची. गाभण म्हशीच्या पोटातलं रेडकू तिला आतून हाक मारायचं, असं म्हणतात. मियाँ नुसतं शेपटीचं टोक धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, चारा बाधलाय, तो ओढ्याकाठचा की बांधावरचा. एकदा तर ज्यानं चोरून कापला त्याचं नावही सांगितलं, असं म्हणतात.

दोघांची औषधं कडू. तोंडं त्याहून कडू.

"मेला घोड्याचा हकीम!" येसाक्का ओट्यावरनं ओरडायची. "एक दिवस बैलावर खोगीर घालील!"

मियाँ दाढी कुरवाळत समोरच्याला सांगायचे, "येसाबाई बैलाच्या पोटाला कान लावती ना, तवा बैल तिला काय सांगतो ठाव हाय का? म्हनतो, बाई, मला मियाँकडं ने."

सगळी गल्ली हसायची. येसाक्कालाही हसू यायचं. पण ती पदरात तोंड घालून हसायची. मियाँना दिसलं असतं तर आठ दिवस तिला भाकर गोड लागली नसती.

आता खरी गोम कुठं होती, तर धाग्यात. येसाक्का तपासलेल्या जनावराच्या शिंगाला हळदीत भिजवलेला पिवळा धागा बांधायची. मियाँ हिरवा बांधायचे. आणि दोघांचाही हट्ट एकच. दुसऱ्याचा धागा दिसला की त्या जनावराला हात लावायचा नाही. "तिकडं बिघडवून हिकडं आणता व्हय?" म्हणून हाकलून द्यायचं.

लोक कुठले ऐकतात! ते लिंबाआड जायचे, विळ्यानं धागा कापायचे आणि गोगलगाईसारखं तोंड करून दुसऱ्या ओट्यावर हजर.

"आधी कुणाला दावलं का?"

"छे, छे! सरळ तुमच्याकडंच आलो."

एवढं खोटं सोयरीक जुळवतानाही कुणी बोलत नाही.

कापलेले धागे लिंबाखाली पडायचे. पाखरं ते चोचीत धरून वर न्यायची. लिंबावरची घरटी सगळी पिवळी-हिरवी. येसाक्का रोज मान वर करून बघायची आणि म्हणायची, "बाई, काय नटवी पाखरं!" पोटातलं ऐकू येणारी बाई, पण डोक्यावरचं दिसलं नाही. शहाण्या माणसाचं हे असंच असतं.

त्या गल्लीच्या टोकाला कोंडाबाई तेलिणीचा घाणा होता. घाण्याला एकच बैल, हौशा. जन्मभर डोळ्यावर झापड आणि गोल गोल चालणं. हौशा थांबला की घाणा थांबायचा, घाणा थांबला की कोंडाबाईची चूल.

एके दिवशी हौशाचं पोट फुगलं. कोंडाबाईनं त्याला येसाक्काकडं आणलं. येसाक्कानं कान लावला, एरंडेल पाजलं, धागा बांधला. दुपारपर्यंत हौशाला जुलाब सुटले, आणि चांगलेच सुटले. कोंडाबाई घाबरली. लिंबाआड जाऊन पिवळा धागा कापला आणि मियाँकडं गेली. मियाँनी डाळिंबाची साल उगाळून दिली, हिरवा धागा बांधला. जुलाब थांबले, पण दुसऱ्या दिवशी पोट पुन्हा फुगलं. झालं, हिरवा धागा कापला आणि पुन्हा येसाक्का. पुन्हा एरंडेल. पुन्हा मियाँ. चार दिवस बिचारा हौशा ह्या ओट्यावरनं त्या ओट्यावर. एकीचं औषध दार उघडतंय, दुसऱ्याचं लावतंय, आणि मधल्यामधी बैल मरतोय.

पाचव्या दिवशी सकाळी हौशाचे पाय लटपटायला लागले. येसाक्कानं कान लावला, तर आत काहीच ऐकू येईना. आयुष्यात पहिल्यांदा पोट तिच्याशी बोललं नाही. इतक्यात हौशानं कासरा हिसडला आणि तो चालायला लागला. ह्या ओट्याकडं नाही, त्या ओट्याकडं नाही. लिंबाभोवती. गोल. घाण्याला जुंपल्यासारखा.

गल्ली गोळा झाली. कुणी अडवायला गेलं तर हौशा शिंग दाखवायचा. त्याच्या खुरांखाली फरशी मेणासारखी झिजत होती, असं म्हणतात.

येसाक्का त्याच्याकडं बघत राहिली. फिरता फिरता तिची नजर लिंबाच्या बुंध्याशी गेली. तिथं आजचाच कापलेला हिरवा धागा. मग नजर वर गेली. घरटी. पिवळी-हिरवी, पिवळी-हिरवी. किती वर्षांची घरटी!

"कोंडे," ती हळूच म्हणाली, "खरं सांग. मियाँकडं नेला व्हतास?"

कोंडाबाई रडायलाच लागली. "अक्का, तुमच्या दोघांच्या भांडणाला भ्याले वो मी. धागा दिसला असता तर दोघांनीबी हाकललं असतं. मग मी कुठं जायचं?"

येसाक्कानं बापाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली होती की मियाँच्या ओट्याची पायरी चढणार नाही. ती उभी राहिली, पदर खोचला आणि ओटा उतरली. गल्ली ओलांडायला वीस पावलं. पण तिला त्या वीस पावलांना तिचं अख्खं वय लागलं, असं म्हणतात. बारा पावलं झाली आणि समोर बघते तर मियाँही ओटा उतरून आलेले.

"मियाँ," ती म्हणाली, "तुम्ही काय पाजलंत?"

"डाळिंबाची साल. आन् तू?"

"एरंडेल."

मग मियाँ म्हणाले, "येसाबाई, मला परवाच वास आला व्हता एरंडेलाचा. इचारायला येनार व्हतो. पाय उचलंना."

"माझाबी कुठं उचलत व्हता," येसाक्का म्हणाली. "आता काय द्यायचं?"

"कायबी नाय द्यायचं."

तेच त्या दोघांनी मिळून दिलेलं पहिलं औषध. काहीच नाही. नुसतं पाणी, आणि सोबत. एका शिंगाला येसाक्काचा हात, एका शिंगाला मियाँचा. दिवसभर दोघं म्हातारी हौशाबरोबर लिंबाभोवती फिरली. मधूनच येसाक्का म्हणायची, "मियाँ, खोगीर आणलं न्हाय का?" आणि मियाँ म्हणायचे, "गप ग, बैल हसंल." दिवस कलताना हौशा थांबला आणि असा हंबरला की दोन्ही ओट्यांवरच्या बरण्या एकदम वाजल्या. मग कडबा मागितला. तिसऱ्या दिवशी घाणा फिरला.

त्यानंतर भांडण मिटलं असं कुणी समजू नका. रोज व्हायचं, पहिल्यापेक्षा जोरात. पण जनावर आलं की पहिला सवाल, "आधी कुणाचा धागा?" आणि दुसऱ्याचा धागा तसाच ठेवून त्याच्याशेजारी आपला. येसाक्का आधी गेली. मियाँ मागं सात वर्षं राहिले. आलेल्या प्रत्येक जनावराला ते दोन धागे बांधायचे, पिवळा पहिला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "तिनं आधी तपासलंय. तिचा कान इथंच हाय."

आता भोकरपेठेचं शहर झालं. त्या गल्लीत जनावरांचे सहा डॉक्टर झालेत, एकापेक्षा एक मोठी पाटी, आणि एकमेकांची उणीदुणी काढण्यात सहाही तरबेज. बैल क्वचित येतो, कुत्री-मांजरंच फार. पण लिंबाखालची रिंगणासारखी झिजलेली फरशी कुणी उखडू दिली नाही. आजारी जनावराला आधी तिथं एक फेरी घालतात. कुत्र्याच्या पट्ट्याला पिवळा-हिरवा धागा असतो आणि डॉक्टर मशीन लावायच्या आधी विचारतो, "आधी कुणाचा धागा?" तिथं खोटं बोलत नाहीत.

धागा आता कुणी कापत नाही. मग पाखरांनी काय करायचं? म्हणून दर बाजाराच्या दिवशी गल्लीतलं कुणीतरी मूठभर पिवळे-हिरवे धागे लिंबाच्या फांदीवर ठेवतं, येसाक्काच्या नावानं. आणि वर बघून म्हणतं, "घ्या, नटव्यांनो."